न दिसण्यासाठी उचललेला दिवा

मित्रांनो, मुठीत मावणारा आणि तुमच्या डोळ्याच्या आत डोकावणारा एक जुना दिवा आहे मी. डॉक्टर मला तुमच्या डोळ्याशी धरतात आणि माझ्या भोकातून पडदा बघतात. पडदा म्हणजे डोळ्याच्या तळाची नाजूक नारिंगी भिंत. सगळं चित्र उमटतं ते तिच्यावर.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते मोरावा नदीकाठच्या आमच्या लहानशा सर्बियन इस्पितळात, डोळ्यांचे डॉक्टर रादोसाव यांच्या हातात. साखरेचे रोगी, रक्तदाबाचे म्हातारे, प्लमची दारू चढवून डोकं धरून बसलेले शेतकरी, सगळ्यांच्या डोळ्यांत मी डोकावलो. "याच्यापासून काही लपत नाही," असं डॉक्टर म्हणायचे आणि मी उगाच फुगायचो. खरं सांगू? मला दिसतो तो पडद्याचा मधला तुकडा, दाराच्या फटीतून खोली दिसावी तसा. कडेपर्यंत बघायचं तर डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात, अर्धा तास थांबावं लागतं आणि डोक्याला बांधायचा मोठा दिवा काढावा लागतो. तो शेजारच्या कपाटातच असे.

एका सकाळी चार महिन्यांच्या नेवेनाला आणलं. पोर ओकत होती, मान टाकत होती, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. सोबत आई तियाना, बाप ओग्न्येन आणि आजोबा वुकादिन. "सोफ्यावरून पडली," असं आजोबांनीच सांगून टाकलं. बाप दारातच उभा राहिला.

मुलांच्या डॉक्टर झोर्काबाई रादोसावना बाजूला घेऊन म्हणाल्या, "स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त साचलेलं दिसतंय. सोफ्यावरून पडून असं सहसा होत नाही. कुणी गदागदा हलवलं असेल तर पडद्यावरही रक्त असेल. नीट बघ."

रादोसाव या घरचे कूम. लग्नाला साक्षीला उभा राहतो आणि पोराचं नाव ठेवतो तो कूम. हे नातं रक्ताच्याही वरचं, आणि कूमने घरातलं बाहेर काढायचं नसतं. नेवेना हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

त्यांनी कपाट उघडलं. मोठ्या दिव्याकडे बघितलं, दार लावलं आणि खिशातून मला काढलं. थेंब न घालता, मोहरीएवढ्या बाहुलीतून त्यांनी माझा उजेड क्षणभर आत टाकला.

"मध्ये स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"झालं तर मग," वुकादिन म्हणाले. "कूमने सांगितलं ना? उगाच पोलिसांसारखे प्रश्न विचारताय."

"थेंब घातलेस?" झोर्काबाईंनी विचारलं.

"मेंदूच्या डॉक्टरांना डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाने आक्रसतात का ते बघायचं असतं. थेंब घातले तर त्यांना काही कळत नाही."

"त्यांचं बघून झालंय. मी त्यांना विचारूनच आले."

तेव्हा मला कळलं, मित्रांनो, की मला का उचललं. मला कमी दिसतं, म्हणून. इतकी वर्षं मी माझ्या नजरेचा तोरा मिरवला, आणि कामाला आलं ते माझं आंधळेपण. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तियाना पोरीच्या पायावर हात ठेवून उभी होती. ती हळूच म्हणाली, "कूम, मग बरी झाली की हिला मी घरी नेऊ ना? तुम्ही हो म्हणालात तर नेते."

हो म्हणायचं होतं. एवढंच तर काम होतं. पण रादोसावांनी मला टेबलावर ठेवलं आणि थेंबांची बाटली घेतली.

तो अर्धा तास वुकादिन बोलत राहिले. "तू आमच्या घरच्या संताच्या सणाला पहिल्या खुर्चीवर बसतोस, कूम. विसरू नकोस." मग मोठा दिवा डोक्याला बांधून डॉक्टर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"दोन्ही पडद्यांवर रक्त आहे," ते म्हणाले. "कितीतरी ठिकाणी, एकाखाली एक थरांत, अगदी कडेपर्यंत. मघाशी मी बघितलंच नव्हतं. बघायचं नव्हतं मला. झोर्का, फोटो काढू. रक्त गोठण्याचा आजार नाही ना, हाडं मोडलीत का, तेही तपासा. हे कुणी केलं ते डोळा सांगत नाही. पण ही सोफ्यावरून पडलेली नाही."

"आपल्याच घराविरुद्ध लिहिणार तू?" वुकादिन म्हणाले. "लाज वाटत नाही?"

"वाटते. मघापासून वाटतेय."

दारातून ओग्न्येनचा आवाज आला. "रडायची थांबतच नव्हती. मी धरून हलवलं. मग गप्प झाली. मला वाटलं, झोपली." तियानाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नेवेना वाचली. तिच्या डाव्या डोळ्याला धूसर दिसतं. बाप आता त्या घरात राहत नाही आणि वुकादिन रादोसावांना सणाला बोलवत नाहीत. मीही खणात पडून असतो. धूळ साचली तरी तक्रार नाही माझी.

मित्रांनो, घरात बाळ रडून रडून कुणाचा जीव खाऊ लागलं, तर मोठ्यांना सांगा, की त्याला पाळण्यात ठेवा, खोलीबाहेर या, कुणाला तरी हाक मारा. थोडा वेळ रडून बाळाला काही होत नाही. आणि पुढे तुमच्यातलं कुणी डॉक्टर झालं, तर मला खुशाल वापरा. फक्त हातात घेण्याआधी स्वतःला विचारा, की बघायला घेतोय की न बघायला.

तियाना दर तपासणीला पोरीला आणते. घरातले बाकी सगळे रादोसावांना आता नुसतं डॉक्टर म्हणतात. ती अजून कूमच म्हणते.