कापडी बाईचा मेद

मेद उतरवून देणाऱ्या महाराजांच्या तळघराच्या जिन्यावर एवढी गर्दी, की लठ्ठ माणसांना अंग तिरकं करून उतरावं लागे. खाली कुबट गारवा, आणि पेंढा भरून टांगलेल्या पिशव्यांना फुटलेल्या पांढऱ्या अळंब्या, कान टवकारून बसल्यासारख्या. महाराज एकच झरोका उघडत. उन्हाच्या तिरिपेत अळंब्यांखालून धूर निघे. आग नाही, वारा नाही. धूर आपला वळवळत वर जाई.

"तो बघा, मेद चालला!" महाराज कुजबुजत. "खोकला येतोय? येऊ द्या, मेद सुटतोय. आता गोळ्याबिळ्या फेका!"

धाकट्या बहिणीबरोबर आलेल्या शिंपीणबाईंच्या अंगावरही काटा आला, खोटं कशाला सांगा. पण बहिणीने मधुमेहाच्या गोळ्या खरंच फेकल्या, आणि तिच्या पायाची जखम महिनाभर भरेना.

"अगं, कंबर मोजली तुझी. सूतभर कमी नाही."

"ताई, तुझी टेपच ताणली असेल!"

शिंपिणीच्या टेपला नावं? बाईंना भारी झोंबलं. महाराजांनी बहिणीला दिलेल्या प्रसादाच्या पुडीतली एक उमललेली अळंबी त्यांनी काळ्या अस्तरावर ठेवली, वर वाटी पालथी घातली. सकाळी बघतात तर कापडावर बारीक पांढऱ्या रेघांचं चक्र, जणू कुणा मेलेल्याच्या अंगठ्याचा ठसा. त्यांनी फुंकर मारली. तळघरातला तोच धूर उडाला.

पुढच्या दर्शनाला बाईंनी खुर्चीत बसवून शालीत गुंडाळलेली एक अगडबंब बाई आणली.

"माझी जाऊ. लाजते, बोलत नाही."

दोघांनी खुर्ची उचलून खाली नेली. "हलकी आहे की!"

"आतून पोकळ आहे बिचारी."

झरोका उघडला. धूर निघाला.

"बाई, चार किलो गेले तुझे!" महाराज गरजले.

शिंपीणबाईंनी शाल ओढली. डोक्याच्या जागी पातेलं, खाली दुकानातला कापडी पुतळा. मग कुणीतरी फिसकन हसलं.

"कापडातून मेद काढलात, महाराज?" बाईंनी नवा ठसा घेतलेलं काळं अस्तर फडकवलं, तसाच धूर उडाला. "अहो, पिकलेल्या अळंबीतून झडणारे बीजाणू हे. समोर कुणी असो-नसो, झडतात. गर्दीच्या उबेने वर चढतात. कोंडलेल्या हवेत छातीत जातात, म्हणून खोकता सगळे!"

महाराज मागच्या दाराने कधी निसटले, कळलंच नाही.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बाईंनी बहिणीच्या ताटात परतलेल्या अळंब्या वाढल्या. "खा. पोट भरतं, तेलकट कमी खाल्लं जातं, वजनाला बरं. पण ही भाजी आहे, चमत्कार नाही."

"ताई, डोळे मिटले की तो धूर अजून दिसतो गं."

"मग उघड. गोळी घे, आणि यापुढे कुणी काही दाखवलं, की आधी विचार: पुतळ्यावरही चालतं का?"