हाताला लागली

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढीच मी. काळी, चपटी आणि मधोमध मोकळी. मी एक जुनी रबरी रिंग आहे. गाडीच्या इंजिनाला ऑइल फिल्टर नावाचा एक डबा फिरवून बसवतात, त्याच्या काठावर माझं आयुष्य गेलं. तेल गाळायचं काम डब्याचं आणि ते बाहेर ठिबकू द्यायचं नाही, हे काम माझं.

मी नवी होते तेव्हा आजोबांनी बोटावर थेंबभर तेल घेऊन मला चोळलं होतं. बाळाच्या गालाला मलम लावावं, इतक्या अलगद. आजोबा जन्मभर ड्रायव्हर. घरची गाडी जुनी झाली तरी तिचं तेल ते स्वतःच, दारासमोरच्या फरशीवर बदलायचे. जुना फिल्टर काढला की त्याच्या काठावरून अंगठा फिरवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "हाताला लागली!" म्हणजे जुनी रिंग डब्याबरोबर निघाली, आता नवा बसवायला हरकत नाही. मग रात्रभर गाडीखाली एक कागद पसरून ठेवायचे. सकाळी तो कोरा निघाला की आजोबांची कॉलर ताठ!

त्याच गाडीतून ते नातीला शाळेत सोडायचे. तिला ते खारूताई म्हणत. दोघांच्या गप्पा मी इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकल्या आहेत. मला वाटायचं, हे असंच चालत राहील.

पण एकदा आजोबा गॅसवर दूध ठेवून विसरले. पातेलं जळालं. मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे झालं. आता गाडीच्या कामात एक जरी चूक झाली, तर किल्ली माझ्याकडे. शाळेत मी सोडीन तिला."

त्यानंतर तेल बदलायचा दिवस आला. वर्षभराच्या उष्णतेनं मी इंजिनाला घट्ट चिकटले होते. डबा निघाला आणि मी तिथेच राहिले. आजोबांचा अंगठा डब्याच्या काठाकडे निघाला होता, इतक्यात मुलगा दारात आला.

"बाबा, अजून चाललंयच? एवढ्या वेळात गॅरेजवाल्यानं चार गाड्या सोडल्या असत्या."

"आणि चारही परत आल्या असत्या!" आजोबा हसून म्हणाले.

"तुमची येऊ नये म्हणजे मिळवली. लक्ष आहे ना? की तेही गॅसवर ठेवलंय?"

आजोबांचं हसू मावळलं. अंगठा अर्ध्या वाटेतून मागे फिरला. त्यांनी घाईघाईनं नवा फिल्टर उचलला आणि नव्या रिंगेसकट माझ्यावरच आवळला. मित्रांनो, ओरडायला मला तोंड कुठे? एका पाटावर आम्ही दोघी, आणि धड एकीलाही बसता येईना.

सकाळी कागदावर नाण्याएवढा डाग होता. "घट्ट बसवला नसेल," म्हणत मुलानं फिल्टर आणखी आवळला. मी चेंगरून आणखीच बाजूला सरकले. दुसऱ्या दिवशी डाग बशीएवढा झाला.

"किल्ली द्या, बाबा."

"अरे, आधी बघू तर दे त्यांना!" सूनबाई कळवळून म्हणाली.

आजोबा गाडीखाली सरपटले. त्यांनी फिल्टर उतरवला आणि इंजिनावरून अंगठा फिरवला. तो माझ्यापाशी थांबला.

"हाताला लागली," ते म्हणाले. इतक्या हळू, की ते फक्त मलाच ऐकू आलं.

त्यांनी मला नखानं सोडवून खिशात टाकलं, जागा पुसली, नवी रिंग तेल लावून बसवली. सकाळी कागद कोरा होता. मुलगा तो हातात धरून ओशाळला.

"झालं की, बाबा! मी उगाच बोललो. राहू दे किल्ली तुमच्याकडेच."

"नको रे. आज नुसतं तेलच गेलं. उद्या मागच्या सीटवर खारूताई असेल."

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली. खिळा ओकाबोका दिसायला लागला, तेव्हा खिशातून मला काढून तिथे अडकवलं. त्यानंतर आजोबांनी कागद पसरला नाही, की पान्याला हात लावला नाही. आता ते खिडकीशी बसून असतात. मला वाटत होतं, मी निघाले की सगळं पूर्वीसारखं होईल. गळती थांबली. बाकी काहीच परत आलं नाही.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस सावकाश काही करत असेल, तर करू द्या. त्याच्या हातून सांडलंच, तर आधी फडकं आणा. बोट नंतर दाखवा.

रोज शाळेच्या वेळी बाहेर हॉर्न वाजतो. खारूताई "येते हं, आजोबा!" म्हणत पळते. आजोबा सवयीनं उठतात, त्यांचा हात खिळ्याकडे जातो.

आणि मी हाताला लागते.