ऑर्व्हिलच्या रायफलीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला ऑर्व्हिल टॅकेट हा माझा धनी. अंगाने लोखंडाची असले तरी मनाने मी भित्री आहे. का, ते ऐकलेत तर मला हसणार नाहीत.

तरुणपणी हरणांच्या शिकारीच्या हंगामात मी रानोमाळ फिरले, कौतुक करून घेतले. पुढे दुर्बिणीवाल्या नव्या रायफली आल्या आणि मी लोखंडी कपाटात जाऊन पडले. अशा बंदुकीला आमच्याकडे 'कपाटाची राणी' म्हणतात. राणी कसली! गंजाच्या भीतीने अंधारात झुरायचे, एवढेच राज्य.

नेमबाजांची बोलीच निराळी. मैदान 'गरम' म्हणजे गोळीबार चालू. 'थंड' म्हणजे बंदुकीला कोणी हात लावायचा नाही. आणि 'फुसका' हा शब्द ऐकला की माझा थरकाप होतो. काडतुसात दारू भरायची राहिली तर नुसत्या ठिणगीच्या जोराने गोळी जेमतेम नळीत शिरते आणि तिथेच अडकते. मागून दुसरी झाडली की नळी फुटते, झाडणाऱ्याचे डोळे जातात.

ऑर्व्हिल काडतुसे घरीच भरतो. एकदा भरताना त्याचा मित्र ड्यूई येऊन बसला. दोघांच्या बढाया रंगल्या आणि एका काडतुसात दारू पडलीच नाही. मला पुसून शेजारीच ठेवले होते. मी पाहिले, पण मला तोंड कुठे आहे?

शनिवारी मैदानावर ड्यूईने डिवचले, "काय रे म्हाताऱ्या, राणीसाहेबांना ऊन दाखवायला आणलंस होय? हात चालव जरा, अंधार पडेल!"

"तुझ्या तोंडाइतके माझे हात चालत नाहीत, बाबा," म्हणत ऑर्व्हिल चिडून भराभर बार काढू लागला. दर बाराला माझा जीव टांगणीला. आणि मग नुसतेच 'फट्' झाले! कानांवर जाड झाकणे, शेजारी धडाधड बार. त्याला काही कळले नाही. सवयीच्या हाताने त्याने पुढचे काडतूस आत सरकवले. नळी तुंबलेली आणि त्याचे बोट चापाकडे! मी भीतीने अर्धी झाले.

मागे बाकावर त्याची बायको लोर्ना होती. ही बोली तिला कधीच आली नाही. पण बाराच्या धक्क्याने त्याचा खांदा दुखतो म्हणून प्रत्येक बाराला ती तिथेच पाहत असे. ती धावत येऊन त्याच्या कानाशी ओरडली, "ऑर्व्हिल, बोट काढ! तुझा खांदा हललाच नाही!"

बोट थांबले. ड्यूईने "थंड! थंड!" अशी आरोळी ठोकली. काडतूस काढून त्यांनी नळीत गज घातला, तेव्हा अडकलेली गोळी टुक्कन टेबलावर पडली. ड्यूईची थट्टा जागच्या जागी विरली.

"आंधळा झाला असतास रे," लोर्ना रडत म्हणाली. ऑर्व्हिलने ती सगळी काडतुसे मोडून टाकली आणि आता भरायला बसला की तो ड्यूईलाही दाराबाहेर ठेवतो.

मित्रांनो, तुम्ही मला हात लावू नका. आणि मला हाती घेणाऱ्या मोठ्या माणसाचे लक्ष भलतीकडे दिसले, तर लाजू नका, ओरडा. मला ओरडता येत नाही.