छपाईची चूक

१९९४ साली बहारीनच्या एका इंग्रजी पेपरने बेरजांचं कोडं छापलं. चौकटींत एक ते नऊ आकडे भरायचे, ओळीची बेरीज कडेला दिलेली, एका बेरजेत कुठलाच आकडा दोनदा नको. बक्षीस मुंबईचं रिटर्न तिकीट, एकच. बायकोच्या, म्हणजे कुसुमच्या, धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात महाडला होतं आणि कंपनीचं तिकीट पुढच्या वर्षी. तेव्हा कोडं मी हातात घेतलं. फर्ममध्ये दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका लाल पेनाने काढणं हे माझं अकरा वर्षांचं काम. स्वतः चुकायची सवय राहिली नव्हती.

चौथ्या दिवशी अडलो. आडव्या दोन चौकटींची बेरीज सोळा. मी सात आणि नऊ भरले होते. सातापासून खाली दोन चौकटींची बेरीज सतरा. म्हणजे साताखाली दहा हवेत.

"छपाईची चूक!"

"अहो, नऊ आधी, सात नंतर करून बघा की," कुसुम भाकरी थापत म्हणाली.

"पेनाने लिहिलंय. खाडाखोड बाद."

"सतराला आठ नि नऊच लागतात. सोळाला सात नि नऊ. दोन्हीकडे कोण आहे?"

"तू मीठ बघ."

खालच्या मजल्यावरचा रहिमतुल्ला शहरातल्या हूरा भागात क्लार्क होता, पेपरच्या कचेरीला लागूनच. "लहूभाऊ, बाराला कोड्याची पेटी खलास. द्या काय ते," तो दारातून ओरडला. मी पाकीट दिलं. आत कोडं नव्हतं, संपादकांना दोन पानी पत्र होतं. कुसुमनेही त्याला एक पाकीट दिलं. त्याच्या बायकोसाठी, सुरैयाभाभींसाठी, मसाल्याची यादी असेल, असं मी धरून चाललो.

शनिवारी निकाल आला. विजेत्या: श्रीमती कुसुम लहू तांबे. लगेच खाली: 'छपाईत चूक नाही, हे श्री. लहू तांबे यांनी लक्षात घ्यावे.' दोन्ही नावांपुढे पोस्ट बॉक्स नंबर एकच. ऑफिसात कोणीतरी कात्रण बोर्डावर लावलं आणि दोन्ही नंबरांभोवती गोल काढले. लाल पेनाने.

"दुसरा पेपर कुठून आणलास?"

"सुरैयाभाभींचा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"भाकरी थापताना दुसरं काय सांगत होते?"

विमानतळावर तिने मला एक कागद दिला. डाळ किती, पाणी किती, मीठ किती, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. "अडलात तर खोडा," म्हणाली.

पहिल्याच दिवशी डाळ खारट झाली. मी कागद दोनदा तपासला. चूक सापडेना.