उलटी शेपटी

अमेरिकेतल्या साउथ बेंड शहरातल्या जुन्या दुकानांचं प्रदर्शन शनिवारी उघडायचं होतं, आणि गुरुवारी सकाळी बर्नडीन संग्रहालयात जाऊन भांडत होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज खणखणीत.

भांडण एका फोटोवरून होतं. हॉफ्लर यांचं चॉकलेटचं दुकान, साल १९३८. मध्ये मालक ऑटो हॉफ्लर पोट पुढे काढून उभे, आणि कोपऱ्यात संगमरवरी टेबलापाशी चॉकलेट बुडवणारी, म्हणजे वितळलेल्या चॉकलेटात वड्या घोळवून काढणारी, एक तरुणी. टोपीखाली मान वाकलेली, त्यामुळे चेहरा दिसत नाही. बाईने फोटोवाल्यासाठीही काम थांबवलं नव्हतं, त्यामुळे हात नुसते धूसर आले होते. खाली हाताने लिहिलेली कच्ची चिठ्ठी: 'ऑटो हॉफ्लर आणि त्यांची कन्या गर्ट्रूड.'

"ही कसली गर्ट्रूड! ही माझी आई, स्टेला म्रोझ. चौतीस वर्षं उभी होती या टेबलापाशी. पाय सुजायचे तिचे."

"मला पटतंय हो, बर्नडीनबाई," संग्रहालयाचा नेथन काकुळतीला येऊन म्हणाला. "पण फोटो हॉफ्लरांच्या घरचा आहे. चिठ्ठ्या दुपारी छापायला जायच्यात. काही पुरावा?"

पुरावा कुठून आणणार? आईचा दुकानातला दुसरा फोटो नव्हता. हा एवढा एकच, आणि त्यातही दुसरीच घुसलेली. बर्नडीनला रडूच यायला लागलं, पण तेवढ्यात ऑटोंचा नातू वॉल्ट काठी टेकत आत आला आणि रडणं राहून गेलं. दोघं एका शाळेतले.

"काय गं, शाळेत माझी पेन्सिल पळवलीस, आता आत्याही पळवतेस?"

"तुझ्या आत्याने जन्मात चमचा तरी विसळला होता का रे? गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांच्या टोप्यांना नावं ठेवायची!"

वॉल्टला हसू फुटलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं. तरी तो हटेना. "आमच्या घरात सगळे हिला आत्याच म्हणत आले. तू म्हणतेस म्हणून बदलू?"

बर्नडीनने नेथनचं भिंग ओढून घेतलं आणि फोटोला नाक लावलं. चेहरा नाही, हात नाहीत. पण हातांसमोरचं ताट स्वच्छ आलं होतं. चॉकलेटांच्या ओळी, आणि प्रत्येकावर बोटाने ओढलेली वळणदार शेपटी. आत काय भरलंय ते शेपटीच्या आकारावरून कळायचं. बर्नडीनने एकेक शेपटी निरखली. मग तिने बाह्या सरसावल्या.

"नेथन, कोपऱ्यावरून चॉकलेट आण. चांगलं आण, कंजूषपणा नको. आणि आत भरायला थोड्या कॅरमेलच्या वड्या."

हॉफ्लरांचं ते संगमरवरी टेबल प्रदर्शनातच मांडलेलं होतं. 'हात लावू नये' ही पाटी तिने उचलली आणि वॉल्टच्या हातात दिली. नेथनने आधी डोळे मिटले, मग टेबल पुसून दिलं.

नेथनने आणलेलं चॉकलेट वितळवून दगडावर ओतलं आणि बर्नडीन ते डाव्या हाताने घोळू लागली.

"तू डावखुरी कधी झालीस?" वॉल्टने विचारलं.

"मी कुठली? आई होती. शाळेत नन सिस्टरांनी पट्टीने मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं. चॉकलेट मात्र ती डाव्यानेच बुडवायची. मला तसंच शिकवलं, मला दुसरं येतच नाही."

कॅरमेल बुडालं, तळहातात फिरलं, कागदावर बसलं. बर्नडीनचं बोट वर उचललं गेलं आणि चॉकलेटवर शेपटी उमटली. दुकानातल्या बाकी सगळ्या बायकांची शेपटी उजवीकडे वळायची. ही डावीकडे.

वॉल्ट एकदम खाली बसला.

"उलटी शेपटी!" तो म्हणाला. आवाज पार लहान मुलाचा झाला होता. "आजोबा उलट्या शेपटीची चॉकलेटं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. म्हणायचे, ही सगळ्यात चांगली. कोणाची, ते मी कधी विचारलंच नाही गं."

त्याने भिंगातून फोटो पाहिला. सगळ्या शेपट्या डावीकडे.

"फोटो उलटा तर छापला नाही ना?" नेथनने घाबरत विचारलं.

"फोटोत मागे दुकानाची पाटी सरळ वाचता येतेय की," वॉल्टच खेकसला. खिशातून पेन काढून त्याने आपल्या आत्याचं नाव खोडलं, आणि मग चॉकलेट तोंडात टाकलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बर्नडीनच्याही आलं, पण ती हसत होती.

"नाव नीट लिहून द्या, बाई," नेथन म्हणाला. "छपाईत चूक नको."

बर्नडीनचा उजवा हात पेनाकडे गेला आणि थांबला. तिने स्वच्छ कागद ओढला, डाव्या हाताचं बोट चॉकलेटमध्ये बुडवलं आणि आईचं नाव लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी आली. आईला त्या हाताने एकही अक्षर लिहू दिलं नव्हतं कुणी.

शनिवारी फोटोखाली छापील चिठ्ठी नव्हतीच. तो कागदच काचेत लावला होता.