अठरा सेकंदांचा हिरवा

मानपाड्याच्या चौकात सकाळ थेट उतरत नाही. आधी ती कारखान्यांच्या चिमण्यांच्या टोकांना लागते, मग रंग उडालेल्या पत्र्यांवरून घरंगळत होर्डिंगच्या लोखंडी पायांपर्यंत येते. आणि रस्त्यावर पोहोचेपर्यंत तिचा पिवळेपणा धुळीत मिसळून ताकासारखा पातळ झालेला असतो. त्या उजेडात सगळ्याच वस्तू घटकाभर निरपराध दिसतात. मिटलेली शटरे, दुभाजकावरची कोमेजलेली कण्हेर, सिग्नलचा करडा खांब. राजरत्न त्या खांबाकडे कितीतरी वेळ पाहत राहिला, कारण त्याच्या पलीकडे पाहण्याचे धैर्य त्याला होत नव्हते.

पलीकडे, कारखान्यांकडून येणाऱ्या रस्त्यावर, मालाचे ट्रक आणि रात्रपाळीच्या बस धूर ओकत एकामागे एक खोळंबल्या होत्या.

सिग्नलची नवी वेळ त्यानेच आखली होती. दिवसभर गाड्या मोजून त्याने या रस्त्याला अठरा सेकंद हिरवा दिला होता. गाड्या कमी थांबतील, धूर निवळेल, असे अहवालात लिहिले होते. सोमवारपासून दिवे तसे चालू लागले, आणि सोमवारपासूनच ही रांग होती. आज, गुरुवारी, दहाला वागळे इस्टेटच्या ऑफिसातून त्याचे वरिष्ठ सुदेश सर पाहणीला येणार होते. त्यांनी मान डोलावली, की त्याच मोजणीवरून पुढच्या सहा चौकांच्या सिग्नलच्या वेळा बदलणार होत्या.

चालकांना सवय व्हायला वेळ लागतो, असे तो चार दिवस स्वतःला बजावत होता.

हिरवा लागला. सहा गाड्या सुटल्या. लाल. सातव्या ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि काळा लोट कोपऱ्यावरच्या जाईबाईंच्या वड्यांच्या गाडीवर पसरला.

"ए भाऊ, सिग्नल लावलाय का डोळा मारतोय?" ट्रकवाला खिडकीतून ओरडला.

राजरत्नने गळ्यातले ओळखपत्र हळूच शर्टाच्या आत सरकवले.

"लपवतोस काय रे?" पदर नाकाला लावून जाईबाई हसल्या. "तुझाच ना हा दिवा?"

"नवीन आहे, मावशी. सवय होईल लोकांना."

"लोकांना होईल रे. माझ्या छातीला कधी होणार?" हसता हसता त्यांना ढास लागली. ती लवकर थांबेना. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. दोन घोट पिऊन त्या म्हणाल्या, "तू मोजायला आलेलास, तेव्हा कसं निवांत होतं! मी म्हटलेलंच तुला, आज माझे वडे खपायचे नाहीत."

म्हटले होते. त्याने तेव्हा मान डोलावून दोन वडे खाल्ले होते, आणि रात्री तक्ता भरताना तारीख लिहून वाराचा रकाना कोरा ठेवला होता. मोजणीला यायला ऑफिसची गाडी एकाच दिवसापुरती मिळाली होती, अहवालाची मुदत डोक्यावर होती; आणि पुन्हा मोजायला हवे हे वरिष्ठांना सांगण्याइतका आवाज त्याच्या गळ्यात कधीच नव्हता.

दहाला पाच कमी असताना सुदेश सर आले. रांगेचे शेवटचे टोक दिसते का, म्हणून ते टाचा उंचावून पाहू लागले.

"काय राजरत्न, फोनवर रोज म्हणतोस सवय होईल. मग पुढच्या सहा चौकांचं पत्र काढू ना आज?"

मागे जाईबाई पुन्हा खोकत होत्या.

"नको, सर."

"का रे?"

त्याने ओळखपत्र शर्टाबाहेर काढले. शब्द अगदी साधे निघाले.

"मी गाड्या शुक्रवारी मोजल्या. शुक्रवारी इथले कारखाने बंद असतात."