धूळबाबांच्या मुठीतलं गवत

गोदामाच्या भिंतीपाशी दोनशे माणसं टाचा उंचावून बघत होती. दीड महिन्यापूर्वी धूळबाबांनी तिथे मूठभर धूळ उधळली होती. आता गाजराच्या पाल्यासारखी झुडपं कमरेएवढी वाढून बारीक पांढऱ्या फुलांनी भरली होती.

"बी नाही, पेरणी नाही, नुसता माझा श्वास!" बाबा गरजले. "पाला अंगाला चोळा. खाज सुटली की पाप सुटलं!"

"आणि नाही सुटली तर?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पाप मुरलंय. आणखी चोळा!"

दवाखान्यातली नर्स कडवट हसली. पुरळ उठलेल्या एकवीस जणांना तिने त्याच आठवड्यात मलम लावलं होतं. या गावात नवं असलं, तरी हे गाजरगवत तिने आधीच्या नोकरीच्या गावी पाहिलं होतं. तिथे ते कुणाच्याही श्वासाशिवाय माजलं होतं.

घरी दम्याने बेजार झालेल्या वहिनीच्या उशाशी त्याच गवताची कुंडी होती.

"वहिनी, हे बाहेर ठेवते."

"हात लावू नका, वन्सं! तुमच्या दादांनी रांगेत उभं राहून आणलंय."

दादा म्हणाला, "तुझ्या गोळ्यांनी काय दिवे लागले?"

नर्सने बाबा भक्तांना वाटत त्या धुळीची एक पुडी मिळवली. पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून भिंगाखाली पाहिलं, तर मोहरीहून लहान काळ्या बिया. अर्ध्या धुळीतल्या बिया तिने चिमट्याने वेचून काढल्या. मग आधीचं बी मरावं म्हणून भाजलेल्या मातीच्या दोन ट्रेंमध्ये दोन्ही धुळी टाकून सारखंच पाणी घातलं.

चौथ्या दिवशी भरदुपारी वहिनीचा श्वास कोंडला. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं. "परागांनी दमा उसळला असावा," डॉक्टर म्हणाले. दादा भिंतीला टेकून खाली बसला.

आठव्या दिवशी बिया असलेल्या ट्रेमध्ये कोंब आले. दुसऱ्यात एकही नाही. नर्सने दोन्ही ट्रे गर्दीपुढे ठेवले.

"तुझ्या अविश्वासाने दुसरा ट्रे करपला!" बाबा ओरडले.

"मग फुंका. ही बी वेचून काढलेली धूळ, ही भाजलेली माती. आठ दिवस कुलूप लावू. किल्ली तुमच्या भक्तांकडे."

बाबांना एकाएकी दूरच्या भक्ताचं बोलावणं आठवलं. संध्याकाळपर्यंत त्यांची खोली रिकामी होती.

गवत मात्र कुठेच गेलं नाही. चपलांच्या तळव्यांना, गाड्यांच्या चाकांना चिकटून बी शाळेच्या मैदानापर्यंत पोचलं होतं. नर्स हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून रोपं मुळासकट उपटू लागली. दादाही आला.

"कुंडी मीच आणली होती," तो म्हणाला.

तिने हातमोज्यांची दुसरी जोडी त्याच्या हाती दिली. कुंपणाशी जमलेल्यांकडे वळून ती म्हणाली, "बाबांनी मूठभर टाकलं, घरोघरी आपण नेलं. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी दोन ट्रे मांडा, आठ दिवस थांबा. पायावर डोकं ठेवायची घाई कसली? आता हातमोजे घाला आणि या इकडे."

तिघंच आले.